टिकल्यांचं पिस्तूल, सासूबाईंची थप्पड आणि नवऱ्याचं गप्प राहणं

प्रश्न थोडक्यात असा: 'मी मूळची पुण्याची, आता मेरीलँडमध्ये बाल्टिमोरजवळ राहते. नवरा कृष्णवर्णीय अमेरिकन, मुलगा 9 वर्षांचा. गेल्या वर्षी सासरे वारले, तेव्हापासून सासूबाई आमच्याकडे असतात. दिवाळीला माझ्या बाबांनी पुण्याहून आणलेलं टिकल्यांचं पिस्तूल घेऊन मुलगा घरासमोर खेळत होता. सासूबाई धावत गेल्या, पिस्तूल हिसकावून कचऱ्यात टाकलं आणि त्याला दोन थपडा दिल्या. नवरा एक शब्द बोलला नाही. वडिलांच्या अंत्यविधीचं सगळं त्यानेच निभावलं, पण तेव्हापासून तो रात्र-रात्र जागा असतो, चिडतो, थेरपीचं नाव काढलं की उठून जातो. "इंटरजनरेशनल ट्रॉमा" म्हणजे एका पिढीचा आघात पुढच्या पिढीत उतरणं म्हणतात, तो हाच का? तो माझ्या मुलाच्या जीन्समध्ये उतरलाय का? आणि बाहेरून आलेल्या मी यात काय करायचं?'

पिस्तुलापासूनच सुरुवात करते, कारण सगळं उत्तर त्यातच आहे. 22 नोव्हेंबर 2014 रोजी क्लीव्हलँडच्या एका बागेत 12 वर्षांचा तमीर राइस खेळण्यातलं पिस्तूल घेऊन खेळत होता. हे खेळणं आहे हे ओळखू यावं म्हणून असतं ते नारिंगी टोक त्या पिस्तुलावरून निघालेलं होतं. पोलिसांची गाडी येऊन थांबली आणि दोन सेकंदांत त्याला गोळी लागली. दुसऱ्या दिवशी तो गेला. आपल्याकडच्या टिकल्यांच्या पिस्तुलाला सहसा नारिंगी टोक नसतंच. अंगणात तुम्हाला दिवाळी दिसत होती, सासूबाईंना तमीर दिसत होता. दोघी एकाच मुलाकडे बघत होतात.

थपडेचं मी समर्थन करत नाही, त्यावर पुढे येते. पण त्या क्षणी त्यांच्या डोक्यात जे चाललं होतं त्याला फक्त 'जुना ट्रॉमा' म्हणून मोकळं झालात, तर पहिलीच पायरी चुकेल. ही चूक मी स्वतः केलेली आहे. समुपदेशक म्हणून बाल्टिमोरमध्ये काम सुरू केलं तेव्हा एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. मुलगा शाळेत मारामाऱ्या करायचा. बोलता बोलता पट्ट्याने मारण्याचा विषय निघाला. मी लगेच कायदा सांगितला, मला कळवणं कसं बंधनकारक आहे ते सांगितलं. आजींनी शांतपणे पर्स उचलली, नातवाचा हात धरला आणि निघून गेल्या. त्या परत आल्या नाहीत. मी बोलले त्यातलं काहीही खोटं नव्हतं. फक्त ज्या भीतीपोटी त्या इतकी वर्षं अशा जागी आल्या नव्हत्या, तीच भीती मी पहिल्या अर्ध्या तासात खरी करून दाखवली होती.

ती भीती कुठून येते हे समजायला मेरीलँडचाच इतिहास पुरेसा आहे. इथली गुलामगिरी 1 नोव्हेंबर 1864 रोजी राज्याच्या नव्या घटनेने संपली. पुढच्या काही आठवड्यांत काय झालं? जुन्या मालकांनी नुकत्याच मुक्त झालेल्या मुलांना 'ऑर्फन्स कोर्ट' नावाच्या न्यायालयांत उभं केलं. हे आईबाप मुलांना पोसायला लायक नाहीत असं न्यायालयांनी ठरवलं आणि मुलं 'उमेदवारी'च्या, म्हणजे काम शिकवण्याच्या नावाखाली त्याच मालकांच्या हवाली केली. आई दारात उभी असताना मूल अनाथ ठरत होतं. अशी मुलं हजारोंनी होती. टॅलबॉट काउंटीतल्या एलिझाबेथ टर्नर या मुलीच्या खटल्यात 1867 साली अमेरिकेचे सरन्यायाधीश चेस यांनी हा प्रकार घटनाबाह्य ठरवला, तोवर तीन वर्षं गेली होती. गुलामगिरीतून निसटून पुढे तिच्याविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस जन्मले तेही याच काउंटीत. तान्हेपणीच त्यांना आईपासून तोडलं होतं, ती रात्री मैलोनमैल चालत येऊन त्यांच्या शेजारी निजायची आणि उजाडायच्या आत शेतावर परत जायची.

'हे खूप जुनं झालं' असं कोणी म्हणेल. मग अलीकडचं बघा. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासाचा अंदाज असा की अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी 53 टक्के मुलांच्या घरी, ती 18 वर्षांची होईपर्यंत, बालसंरक्षण खात्याची चौकशी कधी ना कधी येऊन गेलेली असते. सगळी मुलं धरली तर हे प्रमाण 37 टक्के आहे. म्हणून 'या घरात जे होतं ते या घरातच राहतं' हे वाक्य तुम्ही सासरी ऐकलं असेल तर त्याला नुसता हट्ट समजू नका. ते घर फुटू नये म्हणून लावलेलं कुलूप आहे.

थेरपीचंही तसंच. 1911 साली मेरीलँडने कृष्णवर्णीय मनोरुग्णांसाठी क्राउन्सव्हिलचं वेगळं इस्पितळ काढलं. जमीन साफ करून इमारती उभ्या करण्याच्या कामाला रुग्णच जुंपले होते. तिथल्या दफनभूमीत कित्येक कबरींवर नाव नाही, नुसता आकडा आहे. ते इस्पितळ 2004 साली बंद झालं, म्हणजे तुमच्या नवऱ्याच्या लहानपणी ते चालू होतं. 'नीट वाग, नाहीतर क्राउन्सव्हिलला पाठवतील' ही धमकी मी इथल्या किती म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकली आहे. हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय कर्करुग्ण बाईंच्या पेशी 1951 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात न विचारता घेतल्या गेल्या हे आता जगाला माहीत आहे. त्यांची मुलगी एल्सी क्राउन्सव्हिलमध्ये होती आणि 1955 मध्ये तिथेच वारली, हे फार जणांना माहीत नसतं. तुमचा नवरा उठून जातो तेव्हा यातलं त्याला काही आठवत असेलच असं नाही. पण 'तिकडे जायचं नसतं' एवढं त्याच्यापर्यंत पोचलेलं असतं. कारण गळून पडतं, शिस्त उरते. पिढ्यांमधून येणारा आघात बहुतेक वेळा असाच येतो.

जीन्सचा प्रश्न इथेच उरकते. आघाताच्या खुणा जनुकांच्या वापरावर उमटतात का, त्या पुढच्या पिढीत जातात का, यावर संशोधन चालू आहे. त्यातल्या ज्या अभ्यासाचं नाव सारखं निघतं तो ज्यू नरसंहारातून वाचलेले 32 जण आणि त्यांची 22 मुलं एवढ्यावर बेतलेला आहे. उंदरांवरचे निष्कर्ष माणसांच्या चार पिढ्यांना लावणं अजून तरी घाईचं आहे. तुमच्या मुलाच्या रक्तात काही बिघडलेलं नाही. हे मी मुद्दाम ठासून सांगते, कारण 'यांच्यातच काहीतरी दोष आहे' ही भाषा या समाजाने फार सोसली आहे. 1851 साली सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने गुलामांच्या पळून जाण्याला चक्क रोग ठरवून त्याला 'ड्रॅपेटोमेनिया' असं नाव दिलं होतं. आजारावर उपाय म्हणून त्याने चाबूक सुचवला होता.

मुलापर्यंत पोचतं ते आवाजातून, मौनातून, दाराला दोनदा कडी लावण्यातून, दुकानात 'हात खिशाबाहेर काढ' म्हणताना घट्ट होणाऱ्या पकडीतून. शिवाय घर कुठे आहे, त्याची किंमत किती, बापाला कर्ज मिळालं का, यातूनही. बाल्टिमोरने 1910 मध्येच कोणत्या रंगाच्या माणसाने कुठल्या गल्लीत राहायचं याचा शहरी कायदा केला होता, देशात असा पहिलाच. नुसत्या मनावर उपचार करून ही बाजू भरून येत नाही. जो थेरपिस्ट हे मानत नाही त्याच्याकडे जाण्यात अर्थ नाही.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांबरोबर मी एकच काम पुन्हा पुन्हा करते. घरातली प्रत्येक सवय हातात घ्यायची आणि विचारायचं: ही कशापासून वाचवायला आली होती? तो धोका अजून आहे का? असेल तर हाच उपाय लागतो की दुसरा चालेल? तुमच्या घरातला पिस्तुलाचा धोका खरा आहे आणि आजचा आहे, त्यामुळे सासूबाईंचा नियम राहू दे. थप्पड जाऊ दे. हे वेगळं काढता आलं की अर्धं भांडण मिटतं, कारण आत्तापर्यंत तुम्ही थपडेला विरोध करताना त्यांना वाटत असणार की तुम्ही नियमालाच हसताय.

मारण्याबद्दल एक गोष्ट. 'गुलामगिरीतल्या चाबकातून हे आलं' असं सरसकट विधान मी करत नाही. दक्षिणेतली गोरी कुटुंबंही मारत आली, आणि आपल्याकडच्या छडीला कुठल्या मळ्याचा इतिहास लागला नाही. पण 'पोलिसांनी मारण्यापेक्षा मी मारलेलं बरं' हे वाक्य मात्र मी खास इथल्याच आयांकडून ऐकलं आहे, आणि त्यात केवढी दहशत भरली आहे बघा. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये मारू नका असं स्पष्ट सांगितलं, कारण मार खाणारी मुलं अधिक आक्रमक आणि अधिक घाबरट होतात. सासूबाईंना हे सांगायचंच असेल तर संघटनेचं नाव घेऊन सांगू नका. 'तो घाबरला की त्याला काहीच ऐकू येत नाही, आणि तुमचं ऐकणं तर त्याला गरजेचं आहे' असं सांगा. मी तरी हेच सांगते, आणि बऱ्याचदा ते लागू पडतं.

आणि समोरासमोर बसवून सांगू नका. रविवारच्या जेवणासाठी त्या कोलार्डची पानं निवडायला बसतील तेव्हा शेजारी जाऊन बसा. आपल्याकडे भाजी निवडताना जे बोलणं निघतं ते दिवाणखान्यात निघत नाही, इथेही तेच आहे. 'तुम्ही असं का वागलात?' हा प्रश्न नको. 'तुम्ही 9 वर्षांच्या होतात तेव्हा तुम्हाला कुठे कुठे जायची बंदी होती?' असं विचारा. त्या इथल्याच असतील आणि सत्तरीच्या पुढे असतील, तर ग्विन ओक नावाची एक जत्रेसारखी बाग त्यांच्या बोलण्यात येईल. तिथे कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश नव्हता. 28 ऑगस्ट 1963 रोजी, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी वॉशिंग्टनचा मोठा मोर्चा निघाला त्याच दिवशी, ती सगळ्यांना खुली झाली आणि 11 महिन्यांची एक कृष्णवर्णीय मुलगी तिथल्या मेरी-गो-राउंडवर बसली. तो मेरी-गो-राउंड पुढे वॉशिंग्टनमधल्या नॅशनल मॉल या मोठ्या मैदानावर नेला. नातवाला घेऊन तिघं तिथे गेलात तर तुमच्या कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा जास्त काही बाहेर येईल. त्या रडल्या तर रडू द्या, आणि विषय बदलला तर तोही बदलू द्या. कुलूप त्यांचं आहे, किल्लीही त्यांचीच.

आता नवरा. खरं सांगायचं तर तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त काळजी त्याची वाटते. बाप गेला, अंत्यविधी त्याने उभा केला, नंतरचं जेवण, पाहुणे, कागदपत्रं, सगळं. इथे अंत्यविधीला 'होमगोइंग' म्हणतात, म्हणजे घरी परतणं. तो सोहळा असतो, गाणी असतात, भरपूर माणसं असतात. पण त्यात ज्याच्या खांद्यावर सगळा भार असतो त्याला रडायला उसंत मिळत नाही. वर्ष उलटून झोप नाही, चिडचिड आहे, बोलणं बंद आहे, हे दुःखच आहे की नैराश्याकडे झुकलंय हे तपासायला हवं. पुरुषांत नैराश्य उदास चेहऱ्याने येतंच असं नाही. ते रागाने येतं, जादा शिफ्ट घेण्याने येतं, पाठदुखीने येतं.

शर्मन जेम्स नावाच्या कृष्णवर्णीय साथरोगतज्ज्ञाने 1980 च्या दशकात एक कल्पना मांडली, 'जॉन हेन्रीझम'. जॉन हेन्री हा लोककथेतला पोलादी मनगटाचा मजूर. वाफेच्या यंत्राशी पैज लावून जिंकतो आणि हातात हातोडा असतानाच मरतो. परिस्थिती पाठीशी नसताना फक्त जिद्दीने रेटत राहणाऱ्यांचा रक्तदाब वाढलेला असतो, असं जेम्सना दिसलं. म्हणून नवऱ्याला 'थेरपीला चल' म्हणण्याआधी 'रक्तदाब तपासून येऊ' म्हणा. डॉक्टरकडे झोपेची तक्रार सांगायला लाज वाटत नाही, आणि तिथून पुढचा रस्ता निघतो. बोलायचं असेल तर गाडीत बोला, दोघांची नजर रस्त्यावर असताना. त्याच्या न्हाव्याला कमी लेखू नका. इथलं केशकर्तनालय म्हणजे पुरुषांचा पार आहे, आणि न्हाव्यांना मनाच्या दुखण्याची चाहूल घ्यायला शिकवणारे उपक्रम बऱ्याच शहरांत चालतात.

एक प्रश्न मात्र आडवळणाने विचारू नका. 'जगू नये असं वाटतं का तुला?' हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने कल्पना सुचते हा गैरसमज आहे. घरात बंदूक असेल तर ती कुलपात किंवा घराबाहेर हलवा. उत्तर 'हो' असेल, किंवा उत्तराने तुमच्या पोटात गोळा आला, तर 988 या मानसिक संकटाच्या मदतवाहिनीवर फोन करा, तिथे चोवीस तास माणूस असतो. जीव जाण्याची वेळ आली तर 911 हा तातडीच्या मदतीचा नंबर आहेच. पण एका कृष्णवर्णीय पुरुषाच्या घरी पोलीस बोलावण्याची भीती काय असते ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून फोनवर आधीच म्हणा की ही मानसिक आरोग्याची अडचण आहे, घरात शस्त्र आहे की नाही तेही सांगा, आणि संकटकाळी येणारं मानसोपचाराचं पथक मागा. हे चांगल्या दिवशी दोघांनी मिळून ठरवून ठेवा.

थेरपिस्ट शोधताना कृष्णवर्णीय व्यक्तीच हवी असं तो म्हणाला तर त्याचं म्हणणं राखा. अशा मानसशास्त्रज्ञांचं प्रमाण देशात 5 टक्क्यांच्या आसपास असल्याने थांबावं लागेल. बाल्टिमोरमध्ये ब्लॅक मेंटल हेल्थ अलायन्स ही संस्था 1984 पासून आहे, तिथून सुरुवात करा. पुरुषांसाठी 'थेरपी फॉर ब्लॅक मेन' नावाची वेगळी यादीही आहे. पहिल्या फोनवर विचारा: 'सत्रात वर्णद्वेषाचा विषय निघाला तर तुम्ही काय करता?' 'मी रंग बघतच नाही' असं उत्तर आलं तर आभार मानून फोन ठेवा. सासूबाईंना मात्र पाद्रीबाबांकडूनच शब्द गेलेला बरा. 'प्रार्थना कर, सगळं ठीक होईल' एवढंच सांगणारी चर्चं आहेत, तशी प्रार्थनेबरोबर समुपदेशकाचा नंबर देणारीही आहेत. न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतल्या सेंट फिलिप्स चर्चच्या तळघरात 1946 सालीच 25 सेंट घेऊन मानसोपचार देणारा लाफार्ग दवाखाना चालायचा, त्यामुळे चर्च आणि थेरपी यांचं वैर काही जन्मजात नाही.

मुलाशी बोलायचं राहिलं. इथल्या घरांत त्याला 'द टॉक' म्हणतात. पोलीस दिसले तर हात कुठे ठेवायचे, आवाज कसा ठेवायचा. 9 वर्षं हे लवकर वाटेल, पण ते त्याला रस्त्यावर कळण्यापेक्षा घरात कळलेलं बरं. अभ्यासांतून आणि अनुभवातून एक गोष्ट पक्की दिसते: नुसती भीती आणि 'कोणावर विश्वास ठेवू नकोस' एवढंच शिकवलं तर मूल कोमेजतं. सोबत अभिमान हवा. म्हणून एक मोठा कागद घ्या आणि नवऱ्याच्या घराण्याचं झाड काढा. पुरुषांना चौकोन, बायकांना गोल. कोण दक्षिणेतून इकडे आलं, कोणाबद्दल कोणी बोलत नाही, अडचणीत सगळे कोणाकडे जायचे, हे रंगांनी दाखवा. मागे जाता जाता बहुधा 1870 च्या जनगणनेपाशी अडाल. त्याआधीच्या 1850 आणि 1860 च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव आहे आणि खाली वय, लिंग, रंग, बस. 1870 मध्ये पहिल्यांदा ही माणसं नावानिशी उभी राहतात. त्या पानावर आपलं आडनाव शोधून त्यावर बोट ठेवताना मी भल्याभल्या गप्प माणसांना बोलतं झालेलं पाहिलंय. उन्हाळ्यातल्या फॅमिली रियुनियनला तो कागद घेऊन जा, एकसारखे टी-शर्ट घालून जमलेल्या मावश्या-काकांतलं कोणीतरी नक्की म्हणेल, 'हे नाव चुकलंय, मी सांगते.'

तुमच्या बाजूचं झाडही त्याच कागदावर काढा. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' लिहिलं ते अमेरिकेत निग्रोंच्या मुक्ततेसाठी झटलेल्या माणसांना अर्पण करून. पुण्यात छापलेल्या त्या अर्पणपत्रिकेची गोष्ट सासूबाईंना सांगून बघा. मात्र 'आमच्याकडेही असंच होतं' म्हणून बरोबरी करायला जाऊ नका. आपापल्या घराण्याने त्या गोष्टीत कुठल्या बाजूला उभं राहून दिवस काढले, हे आधी स्वतःशी तपासा.

आणि पिस्तूल. ते बाबांनी प्रेमाने आणलं होतं, त्यांना फोनवर खरं कारण सांगा, 'हरवलं' म्हणू नका. पुढच्या वेळी पुण्याला गेलात की नवं घ्या आणि ते तिथेच, आजोबांच्या कपाटात ठेवा. मुलाला तिथे हव्या तेवढ्या टिकल्या फोडू द्या. इथे का नाही, हे त्याला सासूबाईंनीच सांगावं, नवरा शेजारी बसलेला असताना. तो त्या वेळी एक वाक्य जरी बोलला, तरी डॉक्टरची वेळ घ्यायला तोच दिवस चांगला.